कोरा बोर्ड

मार्च आला की आमच्या नवघरच्या बसथांब्यावरची माणसं बदलतात. एरवी तिथं मान खाली घालून मोबाइल बघणारी कामावरची मंडळी असतात. मार्चात त्यांच्यात मुलं येऊन मिसळतात. हातात पारदर्शक पाउच, आत पेनं, पट्टी, घडी न घालता ठेवलेलं हॉलतिकीट. सोबत कुणाची आई, कुणाचे वडील. मी शाळेत शिकवते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाला जावं लागतं आणि या मुलांबरोबर मीही बसची वाट बघत उभी राहते.

परवा एका मुलीचे वडील जवळ आले. "मॅडम, ये बस सेंटर के पास रुकती है ना?"

"रुकती है. वहाँ स्टॉप है," मी म्हटलं.

"नहीं, पक्का रुकेगी ना? भगाके तो नहीं ले जाएगी?"

त्यांची मुलगी ओशाळली. "पप्पा, स्टॉप है तो रुकेगी ही ना," असं पुटपुटली आणि पुन्हा सनावळ्या पाठ करायला लागली. स्टॉप आहे म्हणजे बस थांबणारच, हे तिला इतकं साहजिक वाटत होतं की त्यावर बोलणंसुद्धा तिला नको होतं. मला मात्र त्या बापाची काळजी ओळखीची वाटली. मग बस आली, थांबली, मुलगी चढली. मीही चढले. खिडकीतून ऊन आत आलं आणि दिवसभर मी मनानं दुसऱ्याच एका मार्चात होते.

आमचा पाडा भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर. मोर्वे गाव मागे पडलं की मिठागरं लागायची, आणि मिठागरं संपून डोंगरी यायच्या आधी, रस्त्यापासून आत, बांधाला लागून आमची पंधरा-वीस घरं. म्हणून बांधपाडा. रस्त्याच्या पलीकडे, थोड्या उंचवट्यावर, ख्रिस्ती कुटुंबांची वाडी. तिथं चुन्यानं रंगवलेला एक क्रूस होता, म्हणून ती क्रूसवाडी. आम्ही मिठागरात आणि भातशेतीत काम करणारे, ते भाजीपाला पिकवणारे. दिवाळीला आमच्याकडून करंज्या तिकडे जायच्या, नाताळात तिकडून तळलेले गोड कलकल यायचे. रस्ता तेवढा मध्ये होता.

मार्च हा आमच्याकडे मिठाचा महिना. खाडीचं पाणी उन्हानं आटत आटत जायचं आणि एके दिवशी सकाळी त्याच्यावर पांढरी साय धरलेली दिसायची. मग दांडे घेऊन माणसं उतरायची, मीठ ओढायची, टोपल्यांनी बांधावर आणून टाकायची. दुपारी त्या ढिगांकडे बघवत नसे, डोळ्यांत पाणी यायचं. वारा सुटला की ओठांवर खारट चव. वह्यांची पानंसुद्धा दमट, खारट लागायची. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय मला तेव्हाच मोडावी लागली. आमच्या अभ्यासाला आंब्याच्या मोहोराचा वास नव्हता. चिखल, मीठ आणि दूर उत्तनकडून येणाऱ्या सुक्या बोंबलांचा वास, एवढीच आमची परीक्षेची हवा.

रस्त्यावरून लाल गाडी जायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ती मोर्व्याला थांबायची आणि मग थेट डोंगरीला. मध्ये आमच्यासमोरून धूळ उडवत निघून जायची. मोर्व्याचा थांबा म्हणजे एक लोखंडी खांब आणि त्यावर पिवळा पत्रा. पत्र्यावर लाल अक्षरांत 'बस थांबा', खाली गावाचं नाव. लहानपणी मला वाटायचं, ते नाव वाचूनच गाडीला थांबायचं कळतं. जिथं नाव नाही तिथं गाडीला माणूस दिसत नाही.

त्यावेळी गाव असणं वेगळं आणि पत्र्यावर नाव असणं वेगळं होतं. आमचा पाडा किती पिढ्यांचा होता कोण जाणे, पण भाईंदरच्या बाजारात कुणी विचारलं की आम्ही "मोर्व्याच्या पुढं" एवढंच सांगायचो. कंडक्टरच्या तिकिटांवर आम्ही नव्हतो. मोर्व्याला उतरून पुढं चालायचं, किंवा डोंगरीचं भाडं देऊन तिथून मागे चालत यायचं.

माझी मोठी बहीण सुनंदा, माझी ताई, तिची शाळा या थांब्यापायीच सुटली. ती आठवीत होती. पावसाळ्यातली संध्याकाळ, गाडीत गर्दी, मोर्व्याला ती दारापर्यंत पोचायच्या आत गाडी सुटली. पाड्यासमोर आल्यावर तिनं कंडक्टरला विनवलं, पण थांबा नाही म्हणून गाडी थांबली नाही. डोंगरीला उतरून, त्या पावसात, अंधारून आलेल्या रस्त्यानं ती एकटी चालत आली. इकडे बाबा आणि पाड्यातली माणसं तिला मोर्व्याच्या बाजूला शोधत होती. ती घरी आली तेव्हा आई रडत होती. बाबांनी तिला काही बोल लावला नाही. डोक्यावर टॉवेल टाकला, चहा करायला सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बस झाली शाला."

ताई भांडली नाही. दप्तर माझ्याकडे आलं आणि ती आईबरोबर मिठावर जायला लागली. हातांना भेगा पडल्या की रात्री खोबरेल लावत बसायची आणि माझ्या पुस्तकातले धडे मला मोठ्यानं वाचायला लावायची. मला वाटायचं ती माझा अभ्यास घेतेय. ती स्वतः ऐकत होती, हे फार उशिरा कळलं.

मी शाळेत जायची ती दोन चुलत भावांच्या सोबतीनं. तिघं मोर्व्यापर्यंत चालायचो आणि तिथून गाडी. मी दहावीत गेले त्या वर्षी त्या दोघांनी शाळा सोडली. कसंबसं डिसेंबर संपेपर्यंत बाबा स्वतः मला पोचवायला यायचे. मग मिठाचा हंगाम तोंडावर आला. संक्रांतीनंतर एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "आता मिठावरचा मानूस हलनार न्हाय. पोरीला एकटीला त्या रस्त्यानं धाडनार न्हाय मी. थांबा असता तं गोष्ट निराली."

मी ताटातल्या भातात बोटं फिरवत बसले. ताईनं मान वर केली.

"थांबा झाला तर धाडाल?"

"थांबा काय झाडाला लागतो?"

"झाला तर धाडाल का, ते सांगा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "धाडीन," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आमची वाट जिथं रस्त्याला मिळते तिथं जाऊन उभी राहिली आणि गाडी आल्यावर हात वर केला. गाडी निघून गेली. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मिठावरचं काम टाकून ती यायची, पाय चिखलानं पांढरे झालेले, डोक्याला पदर गुंडाळलेला. गाडीतली माणसं खिडकीतून मागे वळून तिच्याकडे बघायची. मला फार लाज वाटायची. पाड्यातली पोरं तिला चिडवत, "ताय, गाडीला टाटा करतेस काय?" ती हसायची आणि पुढच्या गाडीला पुन्हा हात वर करायची.

एके दिवशी गाडी थांबली. मी तिच्या बाजूलाच होते. ड्रायव्हर वयानं मोठा, मिशीवाला, घाटावरचा असावा. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"का गं पोरी, रोज हात करतीस? थांबा कुठंय इथं?"

"मी उभी हाय ना," ताई म्हणाली.

ड्रायव्हरनं तिच्याकडे, माझ्याकडे बघितलं. मग मागं कंडक्टरकडे बघून म्हणाला, "घ्या बसवून दोघींना." आम्हाला कुठं जायचंच नव्हतं. तरी ताई मला घेऊन चढली, मोर्व्याला उतरली आणि आम्ही चालत परत आलो. वाटेत ती एकदम म्हणाली, "मंदे, थांबला की नाही?"

ड्रायव्हर एकदा थांबला म्हणून रोज थांबणार नव्हता. त्यानंच जाता जाता सांगितलं होतं की भाईंदरच्या स्टँडावरच्या कंट्रोलर साहेबांना भेटा. ताईला एकटीला स्टँडावर जायचा धीर नव्हता. ती रस्ता ओलांडून फिलू मावशीकडे गेली.

फिलू मावशी क्रूसवाडीतली. उंच, काळीसावळी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर आमच्या अंगणात ऐकू यावी. ती रोज पहाटे माठ, मुळा, वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन मोर्व्यापर्यंत चालायची आणि तिथून भाईंदरच्या बाजारात जायची. ताईचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "माझी मान मोडली त्या टोपलीनं, आनि मला इतकी वर्सं हे सुचला न्हाय. चल, उद्याच जाव."

त्या दोघी साहेबाला काय म्हणाल्या ते मी ताईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथं होते असंच वाटतं. कंट्रोलर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तिथं चढतं कोण, उतरतं कोण? रिकाम्या रस्त्याला थांबा देऊन मी वर काय सांगू?"

मावशी म्हणाली, "थांबा न्हाय म्हनून रस्ता रिकामा हाय साहेब. आमी हाव की."

"दिसत नाही ना तुम्ही. चढणारी-उतरणारी माणसं दिसू द्या. मी ड्रायव्हरांना सांगतो, हात केला तर थांबा. महिनाभर बघू."

एवढंच त्यांनी दिलं, आणि ते थोडं नव्हतं.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांची आठवण आली की मला आजही हसू येतं. ताई आणि फिलू मावशी घराघरात गेल्या. भाईंदरला जायचं असेल त्यानं मोर्व्याहून जायचं नाही, इथूनच चढायचं. ज्याला जायचं नसेल त्यानंही अधूनमधून चढायचं. सकाळच्या गाडीला रस्त्याच्या एका बाजूला आमच्या बाया उभ्या, नऊवारी वर खोचलेल्या, दुसऱ्या बाजूनं वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन येणाऱ्या. कुणी दळण घेऊन निघालेली, कुणी उगाच माहेरी. एका म्हातारीला आयुष्यात प्रथमच गाडीत बसायला मिळालं. ती मोर्व्याला उतरायला तयार होईना. "आता बसलेच हाय तर टेशन बघून येते," म्हणाली आणि खरंच स्टेशन बघून आली. पुढे आठवडाभर पाड्यात तिच्याच गोष्टी.

बाबांना हे आवडत नव्हतं. "सगल्या बायांना रस्त्यावर उभं केलंस," ते ताईला म्हणाले. मिठावरचे पुरुष त्यांना टोचून बोलत असणार. ताई दुसऱ्या दिवशीही रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पण हळूहळू बायांची संख्या कमी व्हायला लागली. हंगाम भरात आला होता. मीठ तयार झालं की ते थांबत नाही. एका सकाळी तर रस्त्यावर फक्त ताई, मी आणि फिलू मावशी. आणि नेमका त्याच दिवशी गाडीत तपासणीस येणार आहे असं मावशीनं स्टँडावर ऐकलं होतं. ताई पाड्याच्या वाटेकडे बघत होती. कुणी येत नव्हतं.

मग वाटेवरून बाबा येताना दिसले. अंगात सणाला घालायचा धुवट सदरा, केसांना तेल. मागे त्यांचे दोन मिठावरचे सोबती, तेही तसेच नटलेले आणि अवघडलेले. ताईकडे न बघता बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"कुठं चाललात?" ताईनं विचारलं.

"भाईंदरला. काम हाय."

"कसलं काम?"

"हाय एक."

गाडी आली, आम्ही सगळे चढलो. तपासणीसानं मागं वळून माणसं बघितली. भाईंदरला उतरल्यावर बाबा आणि सोबत्यांनी स्टँडासमोरच्या टपरीवर चहा प्यायला, थोडा वेळ बाकावर बसले, आणि पुढच्या गाडीनं परत. त्यांचं दुसरं काही काम नव्हतं. त्या दिवसाचं मीठ त्यांनी तसंच सोडलं होतं. घरी आल्यावर सदरा काढून ते सरळ मिठागरात गेले आणि या गोष्टीचा पुन्हा उच्चारही केला नाही. ताई मात्र त्या दिवशी चुलीपुढे बसून बराच वेळ डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "धूर झालाय."

थांबा मंजूर झाला. कंट्रोलर साहेबांनी निरोप धाडला की खांब आणि बोर्ड येतोय, पेंटरला सांगायला नाव कळवा.

इथं सगळं अडलं. आम्ही गृहीतच धरलं होतं की बांधपाडा. क्रूसवाडीनं गृहीतच धरलं होतं की क्रूसवाडी. फिलू मावशीचे मोठे दीर, पास्कू काका, आमच्या ओट्यावर आले. एरवी ते आणि बाबा एकत्र जाळं टाकायला जायचे. त्या दिवशी दोघं समोरासमोर बसले आणि सुपारीसुद्धा कुणी हातात घेतली नाही.

"वाडी उंचावर हाय. लांबून दिसते. नाव वाडीचं लागल," पास्कू काका म्हणाले.

"माज्या पोरीनं थांबा आनला," बाबा म्हणाले.

"आमची फिलू न्हवती का?"

दोघांनाही आपल्या लेकीसुनांचा अभिमान होता आणि दोघंही त्यापायीच अडून बसले होते. कुणी म्हणालं दोन्ही नावं लिहा, तर आधी कुठलं यावर पुन्हा वाद. परीक्षा तोंडावर आलेली. ताई एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. शेवटी ती स्टँडावर गेली आणि साहेबांना म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. खांब तेवढा लावा."

म्हणून आमचा बोर्ड कोरा आला. माझ्या पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी दोन माणसं टेम्पोतून आली, खड्डा खणला, खांब रोवला. पिवळा नवा कोरा पत्रा. वर लाल अक्षरांत 'बस थांबा', आणि खाली नुसती पिवळी जागा. संध्याकाळी सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. रंग अजून थोडा ओला होता. माझ्या बोटाला लागला आणि पेपर लिहितानाही नखात दिसत होता.

सकाळी गाडी आली तेव्हा स्टिअरिंगवर तोच मिशीवाला ड्रायव्हर. गाडी थांबवून त्यानं बोर्डाकडे बघितलं.

"अरे, नाव कुठंय याच्यात?"

"नाव मागाहून येईल," ताई मला आत ढकलत म्हणाली. "पोरीचा पेपर हाय."

"मग बसा लवकर."

ताई रोज माझ्याबरोबर आली. मी आत पेपर लिहायची, ती शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून राहायची. बाकीच्या आया नवऱ्याविषयी, भावांविषयी बोलत असत, ती सगळ्यांत लहान. बाहेर आल्यावर मी प्रश्नपत्रिका तिच्या हातात द्यायची आणि गाडीत बसल्यावर ती प्रत्येक प्रश्न वाचून विचारायची, "हे आलं? आणि हे?" मराठीच्या पेपरातला एक उतारा तिनं दोनदा वाचला आणि तो कागद घडी घालून कमरेला खोचला. त्याचं तिनं काय केलं, मी कधी विचारलं नाही.

नाव मात्र मागाहूनही आलं नाही. पावसाळा आला, गेला. बाबा आणि पास्कू काका पुन्हा जाळं टाकायला जाऊ लागले, पण नावाचा विषय निघाला की दोघंही दुसरीकडे बघत. कंडक्टर लोकांना तर उतारूंना हाक मारायला काहीतरी हवं होतं. ते ओरडायला लागले, "चला, कोरा बोर्ड, कोरा बोर्ड." बाजारात कुणी विचारलं कुठून आलीस तर फिलू मावशी सांगायची, "कोऱ्या बोर्डावरून." लग्नाच्या पत्रिकांवर पत्ता छापला जाऊ लागला: कोरा बोर्ड थांब्याजवळ. काही वर्षांनी पेंटर खरंच नाव लिहायला आला. तेव्हा बाबा आणि पास्कू काका दोघंही योगायोगानं तिथं होते. पेंटरनं विचारलं काय लिहू. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "लोक काय म्हनतात ते लिव," पास्कू काका म्हणाले. बाबांनी मान डोलावली. आणि पेंटरनं त्या कोऱ्या जागेत सुंदर लाल अक्षरांत लिहिलं, 'कोरा बोर्ड'.

आमच्याकडच्या थांब्यांची नावं अशीच पडली आहेत, कुणी बसून ठरवलेली नाहीत. केबिन रोडला रोज हजारो माणसं खरेदीला येतात. केबिन कसली, कुणाला पडलेलं नाही. पेणकरपाड्याच्या थांब्यावर उतरणाऱ्या गर्दीत पाडा शोधावा लागतो. झाड गेलं, विहीर बुजली, तरी कंडक्टरच्या तोंडात त्यांची नावं राहतात. आता तेही कमी झालं. बसमध्ये एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात पुढच्या थांब्याचं नाव सांगते, तेही तीन भाषांत. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचा खांब गेला. तिथं आता स्टीलचा निवारा आहे, बसायला बाक आहे, आणि नाव मागं उभ्या राहिलेल्या इमारतींचं आहे. मला त्याचा राग नाही. त्या इमारतींतल्या मुलीही त्या थांब्यावरून परीक्षेला जातात. नाव त्यांचं लागणारच.

बाबा गेले. पास्कू काका त्यांच्या आधी. फिलू मावशी मुलाकडे वसईला असते, तिला आता ऐकू कमी येतं आणि त्यामुळे ती पूर्वीपेक्षाही मोठ्यानं बोलते.

ताईनं नंतर दहावी दिली, पुढं शिकली, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि ती पेणकरपाड्याला गेली. सासरची भातशेती होती, मग जमीन गेली, इमारती आल्या, त्यातल्याच एका इमारतीत ती राहते. मी नोकरीला लागल्यावर तिच्या मागे लागले होते, बाहेरून परीक्षेला बस म्हणून. ती म्हणाली, "आता मला नको गं ती भूमिती." तिच्या दोन्ही मुली शिकल्या, एक परिचारिका झाली. मला कधीकधी अपराधी वाटतं आणि ते मी तिला बोलून दाखवलं तर ती चिडते. "तू माझा काय घास काढून घेतलास? मी उभी राहिले ते मला वाटलं म्हणून," म्हणते. ती अजूनही मधूनच घराबाहेर पडते, समोर येईल ती बस पकडते आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येते. गुडघे दुखतात, मुली ओरडतात. ती ऐकत नाही. मला फोन करून सांगते, "आज घोडबंदरकडं जाऊन आले. काय इमारती झाल्यात गं."

तिला ही सवय कधी लागली, हे मला पक्कं माहीत आहे.

माझा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. भाईंदरहून दुपारची गाडी पकडली. गाडी रिकामी होती, आम्हाला खिडकीची जागा मिळाली. मोर्वे गेलं, मिठागरं लागली, पांढऱ्या ढिगांवर आता गवताची शाकारणी सुरू झाली होती. आमचा खांब दिसला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घालून आमच्याकडे बघितलं. मी उठले. ताई उठली नाही.

"उतरायचं नाही?" मी म्हटलं.

"बस खाली," ती म्हणाली. "बाबांना सांगून आलेय, उशीर होईल." मग कंडक्टरला म्हणाली, "दोन शेवटचं द्या."

"शेवटचं म्हणजे?"

"गाडी जिथवर जाते तिथवरचं."

वीस वर्षांची होती ती. रोज तिनं त्या गाडीला हात केला होता, ती मोर्व्यापर्यंत आणि भाईंदरपर्यंत गेली होती, पण रस्ता दुसऱ्या बाजूला कुठं संपतो हे तिनं पाहिलं नव्हतं. डोंगरी आली. चर्चच्या समोर उतारू चढले. मग चढण, नारळ, कौलारू घरं, अंगणात खेळणारी मुलं, आणि एका वळणावर अचानक समोर समुद्र. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही खाडीकाठच्या, रोज खारं पाणी बघणाऱ्या. पण पलीकडचा काठ नसलेलं पाणी ती पहिल्यांदा बघत होती.

गाडी शेवटच्या थांब्यावर थांबली. किनाऱ्यावर बांबूंच्या रांगा उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते, वाऱ्यानं सगळे एका बाजूला झुकलेले. होड्या ओढून ठेवलेल्या. एक कोळीण जाळं सांधत बसली होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाकडं आल्याव?"

"कोणाकडं न्हाय," ताई म्हणाली. "समुद्र बघायला."

बाई हसली आणि तिच्याजवळच्या माशांच्या पालथ्या पाटीकडे बोट दाखवलं. ताई तीवर बसली, चपला काढल्या, पाय वाळूत खुपसले. मी तिला भूगोलाच्या पेपरातला पश्चिम किनारपट्टीचा प्रश्न सांगायला लागले, पण ती ऐकत नव्हती. पहिल्यांदाच तिनं विचारलं नाही, हे आलं का आणि ते आलं का.

मागं गाडी वळत होती. कंडक्टरनं आमच्या दिशेनं हात केला आणि ओरडला, "ओ ताई, चला, सुटतेय गाडी. भाईंदर."

मी घाईघाईनं उठले. गाडी चुकली की काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ताईनं मागे वळून बघितलं, त्या कंडक्टरला हात हलवला आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

"जाऊ दे ही," ती म्हणाली. "मागून दुसरी येईल."